चाबी आत, आपण बाहेर

बटन दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आता पाच-सातशे उंबऱ्यांच्या गावातही दिसतात. तशी गाडी उघडून देणारा माणूस मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतो. शहरात अर्ध्या तासाचा असतो तो खोळंबा आपल्याकडे दिवसभराचा होतो. या खेपेची पत्रं सगळी त्याच खोळंब्याची आहेत.

प्रश्न : गाडी घेतली तवा शोरूमवाल्यानं सांगतलं का चाबी आत राह्यली तं गाडी लॉकच होत नाही, टूं-टूं वाजते. परवा वावरात मोटार पाहाले गेलो. खाली वाकताना चाबी विहिरीत पडू नये म्हणून शिदोरीच्या स्टीलच्या डब्यात टाकली, झाकण लावलं, डबा मागच्या सीटवर ठेवला. दाराच्या आतलं लॉकचं बटन दाबलं अन् दार लोटलं. ना टूं ना टां. गाडी बंद. असं झालं काहून?
— एक शेतकरी, राळेगाव (जि. यवतमाळ)

उत्तर : शोरूमवाला खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. गाडीला चाबी दिसत नसते. गाडी हाक मारते आणि चाबीची 'ओ' येते का ते पाहते. ओ आली नाही तर तिच्या हिशेबी आत चाबीच नाही.

हाक मारणारे अँटेना गाडीत चार-पाच ठिकाणी असतात. काही दाराच्या हँडलमध्ये, एखाद-दोन सीटच्या मधल्या भागाखाली, एक डिक्कीजवळ. त्यांची हाक फार कमी फ्रिक्वेन्सीची असते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्‌झच्या आसपास, आणि तिचा पल्ला मुद्दाम मीटर-दीड मीटरच ठेवलेला असतो. ती ऐकून चाबी जागी होते आणि आपल्याकडच्या गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्‌झच्या जवळपास उत्तर पाठवते. कोणत्या अँटेनाची हाक चाबीपर्यंत पोहोचली, यावरून गाडी ठरवते की ती आत आहे की बाहेर.

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा या दोन्ही लहरी अडवतो. कापडाची पिशवी, प्लास्टिकचा डबा, चामड्याचं पाकीट अडवत नाही. पत्र्याची अवजारांची पेटी मात्र अडवते, बिस्किटांचा पत्र्याचा डबाही अडवतो. तुमच्या गाडीनं हाक मारली असणारच, पण ती डब्याच्या आत पोहोचली नाही. तुम्ही बटन आतून दाबलं होतं, त्यामुळे लॉक व्हायला चाबीची गरजही नव्हती. आत चाबी आहे असं कळलं असतं तर बऱ्याच गाड्यांनी दार लावताच लॉक परत उघडलं असतं.

डब्याशिवायही हे घडतं. चाबी मोबाइलला चिकटून ठेवली किंवा वायरलेस चार्जरवर पडली तर हाक बिघडते. चाबीतला सेल उतरला असेल तर ओ क्षीण येते. काही कोपऱ्यांत हाक नीट पोहोचतच नाही. डॅशबोर्डचा माथा, समोरचा कप्पा, दारातला खण आणि डिक्कीतली स्टेपनीची जागा यांच्याबद्दल कंपन्या गाडीच्या पुस्तकातच सावध करतात. ते पान कोणी वाचत नाही.

उलटही होतं. मागच्या काचेखालच्या फळीवर किंवा दाराच्या खणात चाबी काचेला लागून पडली असेल, तर बाहेरच्या हँडलच्या अँटेनाला ती ऐकू येते. गाडी समजते चाबी बाहेर आहे, आणि हँडलचं बटन दाबलं की खुशाल लॉक होते. अशा वेळी घाबरून कुठे फोन करण्याआधी ज्या-ज्या हँडलला बटन किंवा सेन्सर आहे ते एकेक करून दाबून पाहा, शेवटी डिक्कीचंही. ज्या अँटेनाला चाबी ऐकू येते त्या बाजूनं गाडी बऱ्याचदा उघडते. डब्यातल्या चाबीला हा उपाय लागू नाही.

प्रश्न : नातू दोन वर्षांचा. त्याला गाडीत बसवून चाबी खेळायला दिली अन् दार लावून घरात पाणी आणायला गेले. त्यानं लॉक दाबलं. एप्रिलचं ऊन. पंधरा-वीस मिनिटं सगळे काचेतून समजावत होतो, शेवटी त्याचंच बोट बरोबर बटनावर पडलं. पुन्हा असं झालं तर किती वेळ थांबावं?
— एक आजी, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

उत्तर : थांबूच नये. बाळाला इशाऱ्यानं बटन दाखवून पाहा, पण त्यावर मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. लगेच काच फोडा.

उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी चढतं, आणि तासाभरात जेवढं चढायचं त्यातलं बहुतांश पहिल्या अर्ध्या तासातच चढून जातं. बाहेर ४४ अंश असताना याचा अर्थ काय ते सांगायला नको. काच बोटभर खाली असली तरी विशेष फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाचपट वेगानं तापतं. तो रडतोय म्हणजे बरा आहे, असं धरून चालू नका. गप्प झाला, लाल झाला, झोपल्यासारखा वाटला तर तो धोका आहे.

काच कोणती आणि कशी फोडायची, हे आधीच ठरलेलं असावं. समोरची मोठी काच सोडा. ती दोन थरांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते, तडकते पण सुटत नाही. बाजूच्या काचा टफन्ड असतात, एका ठिकाणी बिंदूएवढा जोर बसला की पूर्ण काच तांदळाच्या दाण्यांसारखी गळून पडते. मूल मागे असेल तर पुढच्या दाराची, आणि त्यातही मुलापासून लांबची काच निवडा. त्याला दुसरंही कारण आहे. मागच्या दारांना 'चाइल्ड लॉक' लावलेलं असलं तर आतलं हँडल ओढून ते दार उघडत नाही, पुढचं उघडतं. काही महागड्या गाड्यांत पुढच्या दारांच्या काचाही दोन थरांच्या असतात. दोन-तीन घावांत काच फक्त तडकलेली दिसली तर वेळ न घालवता मागच्या दाराच्या काचेकडे वळा.

घाव मधोमध घालायचा नाही. मधे काच लवते, हातोडी उसळून परत येते, आणि लोक म्हणतात काच फुटतच नाही. खालच्या कोपऱ्यात, रबरापासून दोन बोटं आत, टोकदार वस्तूनं मारा. स्टेपनीच्या व्हील पान्याचं चपटं टोक, टिकासचं टोक किंवा सब्बल चालतं. गावात वेल्डिंगचं दुकान असेल तर त्याच्याकडे सेंटर पंच असतो. काचेवर टेकवून हातोडीची एक टिचकी पुरते. दगड हा शेवटचा पर्याय, कारण बोथट दगड बराच वेळ खातो आणि काच फुटली की हात आत जातो. हाताला दुपट्टा किंवा गमछा गुंडाळा, तोंड बाजूला फिरवा.

मूल बाहेर काढलं की सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर साधं पाणी ओतत वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. एक माणूस काच फोडत असताना दुसऱ्यानं ११२ लावून ठेवावा, म्हणजे दोन्ही कामं एकदम होतात.

आणि चाबी हे खेळणं नाही. आतला सेल नाण्याएवढा असतो आणि पोरानं गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत भाजल्यासारखी जखम करतो. तसं झालं तर ओकारी काढू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि एक्स-रे काढा. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नका.

प्रश्न : आत कोणी नाही, फक्त चाबी आहे. आमच्याकडचा मेकॅनिक काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी घालून दार उघडून देतो म्हणतो. घालू द्यावी का?
— एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : जुन्या गाडीत हरकत नव्हती, आताच्या गाडीत नको. पूर्वी लॉकपर्यंत उघडी लोखंडी सळई जायची, पट्टीनं ती ओढता यायची. आता तिथे नळीतली केबल किंवा थेट मोटार असते, पट्टीला धरायला काही सापडत नाही. सापडतात ते काचेच्या आणि लॉकच्या वायरी, आणि काही गाड्यांत दारातच बसवलेला एअरबॅगचा सेन्सर. शिवाय काचेला लागून असलेली रबरी बीडिंग एकदा फाटली की पावसाळ्यात दारात पाणी उतरतं आणि सहा महिन्यांनी पॉवर विंडो बंद पडते. तेव्हा आज वाचलेले पैसे कोणाला आठवत नाहीत.

जाणकार माणूस वेगळ्या पद्धतीनं काम करतो. दाराच्या वरच्या कोपऱ्यात हवेची छोटी पिशवी सरकवतो, पंपानं फुगवून दार बोटभर लांब करतो, आणि रबरी टोकाच्या लांब सळईनं आतलं हँडल किंवा बटन गाठतो. हे काम हलक्या हाताचं आहे. पिशवी जास्त फुगवली तर दाराची चौकट कायमची वाकते, मग ऐंशीच्या वेगाला शिट्टी ऐकू येते. काही गाड्या बाहेरून लॉक केल्या की आतलं हँडलही निकामी करतात, तिथे ही पद्धतही चालत नाही. चाबीवाल्याला फोनवरच विचारा, 'हवेची पिशवी आणि सळई आहे का?' पट्टी म्हणाला तर नको म्हणा. चांगला चाबीवाला तुमच्याकडे आरसी मागेल. ती गाडीतच असेल तर मोबाइलमधली डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत दाखवा. जो काहीच मागत नाही त्याच्यापासून उलट जपून राहा.

त्याला बोलावण्याआधी करायच्या गोष्टींचा आमचा क्रम असा. सगळी दारं आणि डिक्की ओढून पाहायची, एखादं उघडं राहिलेलं असतं. मग घरी दुसरी चाबी आहे का ते पाहायचं. घर चाळीस किलोमीटरवर असलं तरी येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे किंवा दुधाच्या गाडीवाल्याकडे ती देणं काच फोडण्यापेक्षा स्वस्त पडतं. मग 'रोडसाइड असिस्टन्स'. नव्या गाडीसोबत ती बहुधा मिळालेली असते, विम्यातही जोडून घेता येते, आणि तिचा नंबर काचेवरच्या स्टिकरवर किंवा पॉलिसीत असतो. त्यांना गावाचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत सापडतात. व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवा आणि पांदण रस्ता असेल तर डांबरीवरून कुठे वळायचं ते सांगा. नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा अशा राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ वर गस्तीची गाडी मिळते. ती दार उघडून देईलच असं नाही, पण रात्रीच्या वेळी सोबत होते.

प्रश्न : माझी गाडी साधी रिमोटची, बटनस्टार्ट नाही. रिमोटनं उघडली, डिक्कीत सरकीच्या ढेपेचं पोतं ठेवलं, चाबी त्याच्यावरच राहिली, डिक्की आपटली. मागं फिरतो तर चारही दारं लॉक. मी तर लॉक दाबलंच नव्हतं!
— हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : गाडीनं स्वतःच दाबलं. रिमोटनं उघडून साधारण तीस सेकंदांत कोणतंही दार उघडलं नाही तर बऱ्याच गाड्या आपोआप परत लॉक होतात. खिशात चुकून बटन दाबलं जाऊन गाडी रात्रभर उघडी राहू नये म्हणून ही सोय आहे. काही मॉडेलांत डिक्की उघडणं 'दार उघडणं' म्हणून धरलंच जात नाही. तुमच्याकडे तेच झालं. साध्या रिमोटच्या गाडीला चाबी कुठे आहे हे ओळखायचं कोणतंच साधन नसतं, म्हणून ती वाजतही नाही. डिक्कीत सामान भरताना आधी ड्रायव्हरचं दार उघडून तसंच ठेवावं.

प्रश्न : मोबाइलच्या ॲपवरून गाडी उघडते म्हणून वरचं मॉडेल घेतलं. गावात उघडते. धारणीच्या पुढे चाबी आत राहिली तेव्हा ॲप नुसतं फिरत राहिलं.
— एक शिक्षक, परतवाडा (जि. अमरावती)

उत्तर : ॲप तुमच्या फोनमधून थेट गाडीशी बोलत नाही. फोनमधून कंपनीच्या सर्व्हरला, तिथून गाडीत बसवलेल्या सिमला, मग लॉकला, असा त्याचा फेरा. ह्युंदाईनं २०१९ मध्ये व्हेन्यूत ब्लूलिंक ही ॲपची सोय आणली, त्याच वर्षी एमजीची हेक्टर आली, तेव्हापासून इतर कंपन्यांनीही हीच वाट धरली. म्हणजे नेटवर्क दोन्हीकडे लागतं, आणि गाडीतलं सिम तुमच्या कंपनीचं असेलच असं नाही. मेळघाटात तुमच्या फोनला दोन काड्या दिसतात तिथे गाडीला एकही नसू शकते.

तरी तीन गोष्टी करून ठेवण्यासारख्या आहेत. ॲपची फुकटाची मुदत कधी संपते ते आज पाहा, ती संपली की बटन दिसतं पण काम करत नाही. घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्ये ॲप चालू ठेवा, कारण बऱ्याचदा चाबीसोबत तुमचा फोनही आतच राहिलेला असतो. लॉगिनचा मोबाइल नंबर आणि पासवर्ड पाठ असावा. ओटीपी मात्र आत अडकलेल्या फोनवरच येतो, म्हणून आयत्या वेळी दुसऱ्याच्या फोनवर लॉगिन करण्यावर भिस्त ठेवू नका.

काही नव्या गाड्यांत ब्लूटूथ किंवा एनएफसीवर (फोन गाडीला टेकवून) चालणारी डिजिटल चाबी असते. ती फोन आणि गाडी यांच्यात थेट चालते, नेटवर्क लागत नाही. तुमच्या मॉडेलात असेल तर नोंदवून घ्या. जंगलाकडे जाणाऱ्यांसाठी ॲपपेक्षा तीच कामाची.

प्रश्न : बॅटरी बदलताना चाबी आत ठेवली तर गाडी लॉक होते म्हणतात. खरं का?
— मूर्तिजापूर (जि. अकोला)

उत्तर : काही गाड्यांत खरं आहे. टर्मिनल परत जोडताना लॉकच्या कंट्रोलरला क्षणभर वीज मिळते-तुटते आणि तो दारं लॉक करून टाकतो. हातातला पाना सोडण्याआधी 'खट्' आवाज येतो. यावर उपाय फुकटचा आहे. बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरची काच पूर्ण खाली करा आणि चाबी खिशात ठेवा. चाबी आत आणि बॅटरी मेलेली, असं दोन्ही एकदम झालं तर ॲप, हँडलचं बटन, डिक्कीचं बटन, सगळंच बंद. मग चाबीत लपलेल्या लोखंडी पात्याशिवाय गती नाही. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात.

प्रश्न : काच फुटली तर विम्यातून मिळते का?
— काटोल (जि. नागपूर)

उत्तर : नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर मिळते, आणि काचेवर घसारा कापला जात नाही. प्लास्टिक-रबराच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात. पण हिशेब करा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तुमचेच, त्यावरच्या गाडीला २०००. आणि क्लेम केला की पुढच्या वर्षीचा 'नो क्लेम बोनस' जातो, जो पाच वर्षं क्लेम न करणाऱ्याचा ५० टक्क्यांपर्यंत असतो. साध्या गाडीची दाराची एक काच बहुतेक वेळा खिशातूनच भरलेली परवडते. आधी काचेचा भाव विचारा, मग क्लेमचं ठरवा. बोनस सांभाळणारं वेगळं कलम पॉलिसीत घेतलेलं असेल तर गोष्ट निराळी.

प्रश्न : दुसरी चाबी कुठे ठेवावी? शेजारी म्हणतो, चांदीच्या कागदात गुंडाळून गाडीतच कुठेतरी लपवून ठेव. आणि एवढ्या महागाच्या चाबीला काही स्वस्त पर्याय आहे का?
— एक वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : गाडीत नकोच. बंद गाडीबाहेर अडकलेल्याला आतली दुसरी चाबीही तेवढीच लांब. कागद फाटला की गाडी कोणालाही सुरू होते. आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाब्या मागते. एक गाडीतच होती म्हटलं की क्लेम अडतो. दुसरी चाबी घरी ठेवा, पण उभ्या गाडीपासून दोन-तीन मीटर तरी लांब. गाडी वारंवार ऐकू येत राहिली तर चाबीचा सेल लवकर उतरतो. टीव्हीच्या आणि वाय-फायच्या डब्यावरही नको.

स्वस्त पर्याय आहे, आणि तो बहुतेकांकडे आधीपासूनच आहे. बटनस्टार्टच्या बहुतेक चाब्यांमध्ये एक लोखंडी पातं लपवलेलं असतं. बाजूची छोटी कळ सरकवून ते बाहेर ओढता येतं. ते चाबीतून काढा आणि पाकिटात ठेवा. गावाकडे करदोड्याला चाबी बांधायची पद्धत होती, त्याच जागी हे पातं बांधलं तरी उत्तम. चाबी गाडीत राहिली तरी पातं अंगावर. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलला मागच्या टोकाशी एक टोपी असते, तिच्या खाली किंवा कडेला बारीक खाच असते. पात्याचं टोक त्या खाचेत घालून टोपी उचकटली की आत भोक दिसतं. पात्यानं दार उघडलं की अलार्म बोंबलेल. घाबरू नका, आतली चाबी उचलून अनलॉक दाबा, गप्प होईल.

तुमची चाबी चाकूसारखी उघडणारी असेल तर पातं सुटं होत नाही. मग चाबीवाल्याकडून नुसतं पातं कापून घ्या, चिप नसलेलं. त्यानं इंजिन सुरू होणार नाही, दार उघडेल, आणि तेवढंच हवंय. दातेरी पातं तालुक्यालाही कापून मिळतं. मधून नागमोडी खाच असलेल्या पात्याला वेगळं मशीन लागतं, त्यासाठी नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूर गाठावं लागेल. गाडीसोबत चाबीचा नंबर कोरलेली पत्र्याची छोटी पट्टी मिळाली असेल तर तो नंबर वहीत लिहून घरी ठेवा. दोन्ही चाब्या गेल्या तरी कागदपत्रं दाखवून शोरूममधून त्या नंबरावर पातं मागवता येतं. चिपची नवी चाबी जोडायची वेळ आली तर घरातल्या सगळ्या चाब्या सोबत न्या. बऱ्याच गाड्यांत नवी जोडताना जुन्या पुसल्या जातात आणि समोर असलेल्याच परत नोंदवल्या जातात.

चाबीचा सेलही वेळेवर बदला. बहुतेकांत ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, पण जुन्यावरचा नंबर पाहूनच घ्या. सीआर२०२५ त्याच घेराचा पण ०.७ मिलिमीटर पातळ असतो, तो बसतो आणि खड्ड्यात हादरला की संपर्क सोडतो. पातं काढलेल्या खाचेत चपटा पेचकस घालून चाबीची दोन टरफलं उकलतात. प्लसची बाजू कुठे होती ते आधी पाहून ठेवा, आतल्या हिरव्या पाटीला बोट लावू नका. वर्ष-दीड वर्षानं, किंवा गाडीनं डॅशबोर्डवर सूचना दिली की लगेच बदला. सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होते. चाबीच स्टार्ट बटनाला टेकवून ब्रेक दाबा आणि बटन दाबा. चाबीतली चिप त्या जवळून बटनाच्या विजेवरच चालते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, पुस्तकात चित्र असतं.

आता हे पातं आजच एकदा वापरून पाहा. दाराचं भोक वर्षानुवर्षं कोणी उघडलेलं नसतं. पांदणीची धूळ आणि पावसाचं पाणी आत जाऊन लिव्हर जाम होतात, आणि गरजेच्या दिवशी जोर लावला की पातं आतच मोडतं. पातं सहज फिरत नसेल तर थांबा. भोकात ग्रॅफाइटची पूड टाका. ती मिळाली नाही तर मऊ शिसपेन्सिलीचं शिसं बारीक कुटून चालतं. पातं आत-बाहेर दहा-बारा वेळा करा, मग हळू फिरवा. खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल घालू नका, धूळ त्यात बसून चिखल होतो. पोळ्याला आणि होळीला, असं वर्षातून दोनदा फिरवत राहा. एवढं करूनही भोक फिरलं नाही तर ते लॉक, दुसरी चाबी घरात शाबूत आहे तोवरच, दुरुस्त करून घ्या.